तीळ, जैतून आणि गिअरपेटीतला लाल द्रव

अबुधाबीलगतच्या मुसफ्फामध्ये किंवा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एखाद्या गॅरेजात ऑटोमॅटिक डिझेल ट्रक लिफ्टवर चढला की त्याच्याभोवती चार भाषा उभ्या राहतात. मालक अरबीत 'झेत गेर' म्हणतो. पेशावरकडचा मेकॅनिक 'गेर का तेल' म्हणतो. काउंटरवरचा मल्याळी माणूस आणि आपल्या चिपळूण-रत्नागिरीकडचा सुपरवायझर 'गिअर ऑइल' म्हणतात. सगळ्यांच्या मनात वस्तू एकच असते. पण गिअर ऑइल याच नावाचं दुसरंही एक तेल त्याच फळीवर असतं. ते दाट असतं, त्याला गंधकाचा उग्र वास असतो, आणि ते डिफरन्शिअलमध्ये घालायचं असतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला हवा असतो तो पातळ, लाल द्रव. एकाच्या जागी दुसरं गेलं तर क्लचच्या चकत्यांपासून झडपांपर्यंत सगळं बिघडतं, आणि त्या दुरुस्तीला कित्येक हजार दिरहम लागतात. म्हणून या द्रवाची निवड करताना पहिली चौकशी शब्दांची करावी, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात 'तेल' या शब्दापासून करू. मराठीतलं तेल तिळाच्या पोटी जन्मलं. संस्कृत 'तिल', त्यापासून निघालेलं 'तैल', प्राकृतात 'तेल्ल' आणि आपल्याकडे 'तेल'. काटेकोर बोलायचं तर तिळातून निघतं तेच तेल. करडईचं तेल, खोबऱ्याचं तेल, मोहरीचं तेल हे सगळे वदतोव्याघात. पण हा व्याघात फार जुना आहे. सर्षपतैल, इंगुदतैल, एरंडतैल अशी रूपं लोकांच्या तोंडी इतकी रुळली होती की संस्कृत वैयाकरणांनी 'तैल' हा स्नेह या अर्थाचा एक प्रत्ययच मानला आणि त्याला 'तैलच्' असं नाव दिलं. शेवटी खुद्द तिळाच्या तेलालाही 'तिलतैल' म्हणायची पाळी आली. शब्द आपल्या मूळ वस्तूपासून सुटला, हे त्या काळच्या व्याकरणकारांनी नोंदवून ठेवलं याचं मला फार अप्रूप वाटतं. त्यांचा 'स्नेह' शब्दही पाहण्यासारखा. स्निग्ध पदार्थ आणि माया, दोन्ही एकाच शब्दात. संक्रांतीला आपण तीळ वाटतो त्यात हे दोन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात.

इंग्रजी 'ऑइल'ची गोष्ट तीच, झाड तेवढं वेगळं. ग्रीक 'एलाइआ' म्हणजे ऑलिव्हचं झाड, 'एलाइऑन' म्हणजे त्याचं तेल; लॅटिनमध्ये त्याचं 'ओलेउम' झालं आणि जुन्या फ्रेंचमधून ते इंग्रजीत शिरलं. अरबीत 'झैतून' म्हणजे ऑलिव्ह आणि 'झैत' म्हणजे तेल. आखाती बोलीत त्याचा उच्चार 'झेत'. हिंदी-उर्दूतला 'जैतून' हाच. ग्रीक आणि अरबी शब्दांचं आपसात रक्ताचं नातं नाही. भूमध्य समुद्राभोवतीच्या दोन भाषाकुळांत तेलाला एकाच झाडाचं नाव मिळालं, आणि ते वेगवेगळ्या वाटांनी मिळालं. स्पॅनिशमध्ये तर अरबी शब्द त्याच्या 'अल'सकट गेला. तिथे तेलाला 'आसेइते' म्हणतात, त्यात 'अझ-झैत' सरळ ऐकू येतो. तेव्हा मुसफ्फाच्या त्या गॅरेजात अरब मालक आणि कोकणातला सुपरवायझर दोघं ऑलिव्हचं नाव घेत असतात, आणि पेशावरचा मेकॅनिक तिळाचं.

मराठीने मात्र या दोन शब्दांची वाटणी करून घेतली आहे. कढईत पडतं ते तेल, इंजिनात पडतं ते ऑइल. शिवणयंत्राला आणि दाराच्या बिजागरीला आपण अजून तेलच घालतो, कारण ती यंत्रं घरात आली तेव्हा ऑइल हा शब्द घरात आला नव्हता. मोटारसायकलचं मात्र ऑइल बदलतात. कुठलं यंत्र केव्हा घरात आलं, हे शब्द पाहून कळतं.

जमिनीतून तेल निघू लागल्यावर नावांची खरी धांदल उडाली. 'रॉकेल' हे 'रॉक ऑइल'चं मराठी तोंडात बसलेलं रूप. दगडातलं तेल, म्हणजे 'पेट्रोलिअम' या लॅटिन घडणीच्या शब्दाचाही नेमका तोच अर्थ: 'पेत्रा' म्हणजे खडक आणि 'ओलेउम' म्हणजे तेल. 'घासलेट' आलं ते 'गॅसलाइट'वरून; तेलाला दिव्याचं नाव मिळालं. हिंदीने मातीचं नाव दिलं. अरबीने मात्र जुनाच शब्द कायम ठेवला. 'नफ्त' हा शब्द मेसोपोटेमियातल्या अक्कादी भाषेत 'नप्तु' या रूपात सापडतो. तोच ग्रीकमधून 'नॅफ्था' होऊन जगभर फिरला. आजच्या संयुक्त अरब अमिरातीतलं तेल १९६२ मध्ये दास बेटावरून पहिल्यांदा परदेशी गेलं, तेव्हा या किनाऱ्यावरच्या भाषेत त्याच्यासाठी हजारो वर्षांचा शब्द तयार होता.

डिझेल हे तर आडनाव. रुडॉल्फ डिझेल १८५८ मध्ये पॅरिसला जन्मला, १८९७ मध्ये ऑग्सबुर्गला त्याचं इंजिन यशस्वी झालं, आणि १९१३ मध्ये इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून तो रात्रीत नाहीसा झाला. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे मराठी माणसाने मुद्दाम लक्षात ठेवावं. उपखंडात कितीतरी गॅरेजांत इंजिन ऑइलला सरसकट 'मोबिल' म्हणतात, मग डबा कुठल्याही कंपनीचा असो. तीळ, ऑलिव्ह, खडक, माती, दिवा, माणूस, कंपनी. तेलाला आजवर ज्याने ज्याने नाव दिलं त्यांची ही यादी. गिअरपेटीतल्या लाल द्रवाचं नाव यातल्या कुणावरूनही आलेलं नाही.

त्या नावाकडे वळण्याआधी 'वंगण' पाहू. मला हा शब्द अतिशय आवडतो आणि तो मागे पडत चालला याचं वाईट वाटतं. मराठी वंगण, हिंदी 'औंगन', गुजराती 'ऊंजण': तिन्ही शब्द गाड्याच्या आसाला लावायच्या चिकट पदार्थाचे. हिंदी रूप कोशकार 'अंजन'शी जोडतात. मराठी वंगणही त्याच कुळातलं असावं असं मला वाटतं. 'अंज्' म्हणजे माखणे. डोळ्यातलं अंजन त्यातूनच आलं, आणि दिवाळीतलं अभ्यंगही. लॅटिनमध्ये याच धातूचा भाऊ 'उंग्वेरे', ज्याच्यापासून इंग्रजी 'ऑइंटमेंट' आलं. ज्याला हे माखायचं तो 'आस' म्हणजे संस्कृत 'अक्ष', आणि इंग्रजी 'ॲक्सल' त्याचा दूरचा चुलतभाऊ. पाली ग्रंथांत एक दृष्टांत आहे: गाडीवान ओझं मुक्कामी पोचण्यापुरतंच आसाला वंगण लावतो, तसं भिक्खूने देह चालण्यापुरतंच अन्न घ्यावं. वंगणाकडे इतक्या आदराने पाहणारी दुसरी ओळ मला ठाऊक नाही.

पुढे माणसांनी अशा शब्दांवर वेगळेच अर्थ चढवले. मराठीत वंगण म्हणजे लाचही. 'मस्का' हा फारसीतला लोण्याचा शब्द आपण लाडीगोडीसाठी ठेवला. अरबीत 'दुहन' म्हणजे स्निग्ध पदार्थ. दुबईच्या अत्तरबाजारात 'दिहन अल-ऊद' म्हणून अगरूचं तेल तोळ्यावर विकलं जातं ते हेच. त्याच धातूपासून 'मुदाहना' म्हणजे खुशामत, तोंडदेखलं गोड बोलणं. घर्षण कमी करणाऱ्या वस्तूकडे संशयाने पाहण्याची ही सवय दोन्ही भाषांना आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधल्या द्रवाला वंगण म्हणणं अपुरं आहे, कारण घर्षण कमी करणं हे त्याच्या कामातलं एकच काम, आणि काही ठिकाणी तर त्याच्या नेमकं उलट काम त्याला करावं लागतं.

साध्या गिअरच्या ट्रकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात क्लचची चकती असते. ऑटोमॅटिकमध्ये तिथे टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिन एक पात्यांचं चाक फिरवतं, ते चाक द्रव फेकतं, आणि त्या फेकीच्या जोराने समोरचं दुसरं चाक फिरू लागतं. दोघांमध्ये लोखंडाचा जोड नसतो, असतो तो फक्त द्रव. वेग स्थिरावल्यावर आतला लॉकअप क्लच दोन्ही चाकं बांधून टाकतो, पण गाडी उठताना, चढावर आणि वाळूत सगळा जोर द्रवातूनच जातो. ही कल्पना हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची, पेटंट १९०५ चं, आणि ती जहाजांसाठी होती. 'टॉर्क' हा लॅटिन 'तोर्क्वेरे'चा वंशज, अर्थ पिळणे. आपल्याकडे त्यासाठी 'पीळ' हा इतका चांगला शब्द असताना पाठ्यपुस्तकांनी 'आघूर्ण' कशाला शोधला, हे मला कधी पटलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणणाऱ्या भाषेला टॉर्क समजावून सांगावा लागत नाही.

आणि हा पीळ थोडाथोडका नाही. अमेरिकी पिकअपमधलं कमिन्सचं ६.७ लिटरचं इंजिन आज १,४५० न्यूटन-मीटरच्या वर पीळ देतं, फोर्डचं त्याच आकाराचं डिझेल १,६०० च्या वर. 'कमिन्स' हे नाव पुणेकरांना परकं नाही. कोथरूडमध्ये किर्लोस्कर-कमिन्स १९६२ मध्ये उभी राहिली, आणि तिथे डिझेलचे धडे गिरवून आखातात आलेल्या माणसाला बॉनेटखालचं ते नाव पाहून घरचं कुणी भेटल्यासारखं वाटतं. मात्र या इंजिनाच्या मागे जोडलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा द्रव ही त्याच्यासाठीही नवी विद्या असते.

पुढचं काम क्लचच्या चकत्यांचं. इंग्रजी 'क्लच' म्हणजे घट्ट पकडणे, आणि ऑटोमॅटिकमधल्या चकत्या द्रवात बुडलेल्या अवस्थेत एकमेकींना पकडतात. द्रव फार निसरडा असेल तर त्या घसरत राहतील, तापतील, जळतील. फार चिकट पकडीचा असेल तर प्रत्येक गिअरला गाडी हिसका देईल. म्हणजे द्रवाने सरकू द्यायचं आणि क्षणात धरायचंही. हा तोल साधायचा कसा, यावर १९६० च्या दशकात अमेरिकेत दोन मतं होती. फोर्डने आपल्या 'टाइप एफ' द्रवात घर्षण सौम्य करणारं रसायन घातलंच नाही, पकड करकचून. जनरल मोटर्सला मऊ बदल हवा होता, म्हणून तिच्या द्रवात तसं रसायन होतं. एकीच्या गिअरबॉक्समध्ये दुसरीचा द्रव चालेना. बाटलीवरच्या नावाला जीवनमरणाचं महत्त्व आलं ते तेव्हापासून.

ते घर्षण सौम्य करणारं रसायन होतं तरी काय? सुरुवातीच्या काळात ते स्पर्म व्हेलपासून यायचं. त्याला तेल म्हणत असले तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते द्रवरूप मेण. पोलादाला ते घट्ट चिकटून राहतं आणि तापल्यावरही पटकन बिघडत नाही, म्हणून गिअरबॉक्सला ते मानवलं. 'अंबर' हा अरबी 'अनबर' शब्द याच प्राण्याच्या पोटातल्या सुगंधी पदार्थाचा. इंग्रजीत त्याचंच 'अँबर' झालं आणि अर्थ सरकून झाडाच्या राळेकडे गेला. मराठी वर्तमानपत्रांत रत्नागिरी-सिंधुदुर्गात 'व्हेल माशाची उलटी' पकडल्याच्या बातम्या येतात ते हेच अंबर. वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार गुन्हा आहे. एकाच प्राण्याने अत्तरवाल्याला सुगंध दिला आणि डेट्रॉइटच्या कारखान्यांना गिअरबॉक्सचा मऊपणा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी कायद्यांनी या प्राण्याला संरक्षण दिलं आणि कंपन्यांना कृत्रिम पर्याय शोधावे लागले. पहिले पर्याय तितकेसे टिकले नाहीत आणि त्या काळात पुष्कळ गिअरबॉक्स बिघडले. तरीही ते कायदे झाले हे योग्यच झालं, असं मी म्हणेन. रसायनशास्त्र पुढे आलं. व्हेल मात्र कारखान्यात बनवता आला नसता.

आता नावं. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये 'हायड्रा-मॅटिक' नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बाजारात आणला. ग्रीक 'हुदोर' म्हणजे पाणी. नावात पाणी, आत तेल. दुसरा तुकडा 'ऑटोमॅटिक'मधला, म्हणजे आपोआप हलणारा. होमरने ऑलिंपसची दारं आपसूक उघडतात असं म्हणताना हाच शब्द वापरला आहे. १९४९ मध्ये या गिअरबॉक्सच्या द्रवाला पहिलं अधिकृत मानकनाम मिळालं: 'टाइप ए'. १९५७ मध्ये सुधारणा झाली तेव्हा नाव झालं 'टाइप ए, सफिक्स ए'. सफिक्स म्हणजे प्रत्यय. संस्कृत वैयाकरणांनी तेलाचा प्रत्यय केला होता. डेट्रॉइटच्या अभियंत्यांनी तेलाला प्रत्यय लावला. मला ही जुळणी भेटली तेव्हा बराच वेळ दुसरं काही सुचलं नाही.

त्यानंतर १९६७ मध्ये 'डेक्सरॉन' आलं, पुढे त्याचे आकडे वाढत गेले: डेक्सरॉन-टू, १९९३ मध्ये डेक्सरॉन-थ्री, २००५ मध्ये डेक्सरॉन-सिक्स. फोर्डचं १९८७ मध्ये 'मर्कॉन', मग मर्कॉन-फाइव्ह, मर्कॉन-एलव्ही, मर्कॉन-यूएलव्ही. क्रायस्लरचं 'एटीएफ प्लस फोर' (एटीएफ म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड). गिअरबॉक्स बनवणाऱ्या ॲलिसन कंपनीचं 'टीईएस-२९५'. या नावांत तीळ नाही, ऑलिव्ह नाही, खडकही नाही. नायलॉनच्या काळापासून रासायनिक वस्तूंना असा घडवलेला शेवट देण्याची रीत पडली. पण यातलं प्रत्येक नाव एका कसोटीचं आहे. इतक्या अंशांना इतके तास तापवला, इतक्या हजार वेळा क्लच लावला-सोडला, तरी द्रव असा असा राहिला पाहिजे, एवढं सगळं त्या एका नावात भरलेलं असतं. तेलाचं नाव आजवर त्याचं मूळ सांगत आलं. इथे प्रथमच नाव त्याची परीक्षा सांगू लागलं. म्हणून निवडताना मूळ विचारून उपयोग नाही. 'चांगल्यातलं ऑइल द्या' हे वाक्य इथे निरर्थक आहे.

उदाहरणं घेऊ. जनरल मोटर्सच्या ड्युरामॅक्स डिझेलमागे २००१ पासून ॲलिसनचा गिअरबॉक्स आला. जुन्या पाच-सहा गिअरवाल्यांना डेक्सरॉन-सिक्स चालतं आणि जड कामासाठी टीईएस-२९५ उत्तम. फोर्डच्या सहा गिअरच्या टॉर्कशिफ्टला मर्कॉन-एलव्ही, पुढच्या दहा गिअरवाल्याला मर्कॉन-यूएलव्ही; एकाच कंपनीचे, एकाच नावाचे ट्रक, पण द्रव अदलाबदल करायचे नाहीत. कमिन्सवाल्या रॅम ट्रकमध्ये क्रायस्लरचा स्वतःचा सहा गिअरचा बॉक्स असेल तर एटीएफ प्लस फोर, आणि जपानी आयसिनचा बॉक्स असेल तर त्याचा वेगळा द्रव. दोन्ही ट्रक बाहेरून सारखेच दिसतात. त्यामुळे ट्रकचं नाव सांगून द्रव मागणं अर्धवट, गिअरबॉक्सचं नाव सांगावं.

मर्कॉनच्या शेपटीतल्या 'एलव्ही' आणि 'यूएलव्ही' या अक्षरांचा अर्थ कमी आणि अतिकमी व्हिस्कॉसिटी. हा शब्द लॅटिन 'विस्कुम'वरून आला, म्हणजे युरोपातलं बांडगूळ. त्याच्या चिकट फळांपासून पाखरं धरायचा लासा करत. आपल्या आंब्यावरच्या बांडगुळाचं फळ बोटांना कसं चिकटून बसतं हे ज्याने पाहिलं आहे त्याला व्हिस्कॉसिटी वेगळी शिकवायला नको. आपल्या शास्त्रीय परिभाषेने 'श्यानता' घेतला; संस्कृत 'श्यान' म्हणजे थिजलेलं, घट्ट झालेलं. शब्द जड आहे, पण चुकीचा नाही. मोजमापाला स्टोक्स या शास्त्रज्ञाचं नाव आहे. त्याचा शंभरावा भाग सेंटिस्टोक. १०० अंश सेल्सिअसला डेक्सरॉन-थ्री आणि एटीएफ प्लस फोर साधारण ७ ते साडेसात सेंटिस्टोक, डेक्सरॉन-सिक्स आणि मर्कॉन-एलव्ही सहाच्या आसपास, मर्कॉन-यूएलव्ही साडेचारच्या. पातळ द्रव ढवळायला कमी जोर लागतो, इंधन वाचतं. म्हणून कंपन्या पातळाकडे निघाल्या आहेत.

इथे आखातातला माणूस हमखास म्हणतो की एवढ्या उन्हात दाट घालू या, टिकेल. हा विचार मनाला पटतो, पण दहा गिअरच्या बॉक्समधल्या झडपांच्या फटी साडेचार सेंटिस्टोक धरून तासलेल्या असतात. दाट द्रवाने गिअर उशिरा पडतात आणि चकत्या जास्त घसरतात, म्हणजे शेवटी उष्णता वाढतेच. उन्हावरचा इलाज कूलर मोठा करणं आणि तापमान दाखवणारा काटा बसवणं. जुन्या काळापासून चालत आलेला एक ठोकताळा असा आहे की साधारण ८० अंशांच्या वर दर १० अंशांना द्रवाचं आयुष्य निम्मं होतं. लिवाच्या तल मोरीबसारख्या वाळूच्या चढावर, कन्व्हर्टर लॉक न होता घुसळत राहतो, आणि तिथे हा ठोकताळा पुस्तकात राहत नाही. कृत्रिम, म्हणजे सिंथेटिक, पायाचा द्रव अशा तापात जास्त काळ शाबूत राहतो. कसोटी तीच असेल तर त्यासाठी जास्त पैसे द्यावेत. मघाशी 'दिरहम' म्हटलं, तर तेवढं सांगून टाकतो: ग्रीक 'द्राख्मे'चं अरबीत दिरहम झालं आणि आपल्याकडे 'द्रम्म' होऊन 'दाम'. दुबईत दाम मोजताना आपण एकाच नाण्याची दोन नावं घेतो.

बाटलीवर पाहायचं काय? दोन क्रियापदं. एका बाटलीवर लिहिलेलं असतं की हा द्रव अमुक मानकाखाली परवानाप्राप्त आहे. दुसरीवर लिहिलेलं असतं की तो अमुक ठिकाणी वापरायला योग्य आहे. पहिलं विधान परीक्षा घेणाऱ्याचं, दुसरं विकणाऱ्याचं. डेक्सरॉन-सिक्सच्या अस्सल बाटलीवर 'जे' या अक्षराने सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. डेक्सरॉन-थ्रीचे परवाने २००६ अखेरीस संपले, तरी 'डेक्सरॉन-थ्री' लिहिलेले डबे अजून मिळतात. त्या शब्दामागे आज परीक्षक उभा नाही. सगळ्या गाड्यांना चालेल असं सांगणाऱ्या द्रवांबाबत माझं मत कडक आहे: साध्या कारमध्ये चालतही असेल, १,४०० न्यूटन-मीटर पेलणाऱ्या डिझेलमध्ये घालू नये.

मराठीत या ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइडला म्हणावं काय? इंग्रजी 'ट्रान्समिशन' म्हणजे पलीकडे पाठवणं, आणि या एका शब्दाला मराठीने जागोजागी वेगळं रूप दिलं. विजेचं ट्रान्समिशन ते पारेषण. महापारेषणच्या पाट्यांनी तो शब्द गावोगाव पोचवला. रेडिओचं ते प्रक्षेपण. रोगाचं ते संक्रमण. गाडीचं मात्र काहीच नाही, तिथे आपण गिअरबॉक्स म्हणून थांबलो. 'फ्लुइड'साठी पाठ्यपुस्तकांनी 'द्रायू' हा शब्द घडवला, द्रव आणि वायू यांना एकत्र बांधून. घडण सुरेख, पण कामाच्या जागी तो चालणार नाही. मी 'गिअरपेटीतला द्रव' म्हणतो. 'तेल' टाळण्यासाठी मुद्दाम, कारण तेल म्हटलं की कुठलंही तेल चालेल असं ऐकू येतं. आणि त्यापुढे मानकाचं इंग्रजी नाव जसंच्या तसं, अक्षर न गाळता. भाषेवर प्रेम असलं तरी मर्कॉन-यूएलव्हीचं भाषांतर करू नये.

गाड्यांच्या इथल्या बाजारात आणखी दोन शब्द रोज ऐकू येतात. 'खलीजी' म्हणजे आखाती, इथल्या हवामानासाठी बनवून इथे विकलेली गाडी. 'वारिद' म्हणजे बाहेरून आणलेली. अमेरिकी डिझेल पिकअप अनेकदा वारिद असतात. त्यांच्यासोबत येणारं मालकपुस्तक अमेरिकेसाठी लिहिलेलं असतं, आणि त्यात द्रव बदलण्याचे दोन रकाने असतात: एक 'नॉर्मल', दुसरा 'सीव्हिअर', म्हणजे खडतर वापर. खडतर कशाला म्हणावं ते बारीक अक्षरात दिलेलं असतं: ट्रेलर ओढणं, धूळ, वाळू, आणि ३२ अंश सेल्सिअसच्या वरच्या हवेत दीर्घकाळ चालवणं. अमिरातीत मेपासून ऑक्टोबरपर्यंत दुपारचा पारा ३२ च्या कितीतरी वर असतो, जुलै-ऑगस्टमध्ये ४५ च्याही पुढे जातो. त्यामुळे फुजैराहून बोट ओढत आणणाऱ्याने, अल-बदायरच्या वाळूत सुट्टी घालवणाऱ्याने, आणि नुसतं शारजा-दुबई रस्त्यावर रोज दोन तास रांगणाऱ्यानेही दुसराच रकाना वाचायचा.